डिस्ट्रिब्युटर बदलण्याआधी त्याचा शाफ्ट हलवून पाहा

पत्र: माझ्याकडे १९७०च्या दशकातली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. कंपनीतूनच इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलेली, डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग) मॅग्नेटिक पिकअप (ठिणगी केव्हा पाडायची याचा सिग्नल देणारा चुंबकीय सेन्सर). काही महिन्यांपासून ती तीन प्रकारे त्रास देते. उभी असताना इंजिन एका लयीत चालत नाही, आणि टायमिंग लाइट लावला की पुलीवरची खूण नाचते. रस्त्यावर एकसारख्या वेगात, एक्सलरेटरवर पाय हलका ठेवून चालवली की हिसके देते. पाय पूर्ण दाबला की मात्र छान पळते. आणि बराच वेळ चालून तापली की कधीकधी एकदम बंद पडते. गार झाली की सेल्फ मारल्याबरोबर सुरू होते. प्लग, प्लगच्या वायरी, कॅप, रोटर, कॉइल सगळं नवीन टाकून झालं, कार्बोरेटर साफ करून झाला. मेकॅनिक म्हणतात की इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरमध्ये झिजण्यासारखं काही नसतं, मॉड्यूल (पिकअपच्या सिग्नलवर कॉइलचा करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेलं असेल, अख्खा डिस्ट्रिब्युटरच बदला. ‘या इंजिनाला बसतो’ असं लिहिलेला एक नवा, स्वस्त डिस्ट्रिब्युटर मिळतोय. घेऊ का?

उत्तर: एवढ्यात घेऊ नका. तुम्ही तिन्ही त्रास इतके नीट वेगवेगळे लिहिले आहेत की निम्मं निदान तुमच्या पत्रातच झालं आहे. माझ्या मते हा एकच बिघाड नाही. खूण नाचते ती लोखंड-पितळ झिजल्यामुळे, हलक्या पायावरचे हिसके एखाद्या तुटक्या वायरीमुळे, आणि तापल्यावर बंद पडणं हे कदाचित मॉड्यूलमुळे. यातली पहिली दोन कारणं नवं मॉड्यूल टाकून जाणार नाहीत. नवा डिस्ट्रिब्युटर टाकला तर ती जातीलही, पण त्याबरोबर दुसरे प्रश्न येऊ शकतात. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी मेकॅनिकच्या त्या वाक्याबद्दल. क्रायस्लरने १९७३ पासून अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांना आणि जनरल मोटर्सने १९७५ पासून आपल्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन देणं सुरू केलं, तेव्हा त्यातून पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर गेले. पॉइंटचा गॅप लावायचं, ते घासायचं, बदलायचं काम संपलं. पण शाफ्ट तोच राहिला. त्याला धरणारे बुश, वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी, म्हणजे ठिणगी लवकर पाडणारी, वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगा, व्हॅक्युमचा पडदा, पिकअप ज्या प्लेटवर बसतो ती हलणारी प्लेट, खालचा गिअर, हे सगळं जसंच्या तसं राहिलं. पॉइंट बदलायला कॅप उघडली की जुने मेकॅनिक शाफ्टवर तेलाचे दोन थेंब सोडायचे. पॉइंट गेल्यावर कॅप उघडायचं कारणच उरलं नाही, आणि ते दोन थेंबही बंद झाले. म्हणून पन्नास वर्षांच्या इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरचे बुश कोरडे होऊन झिजलेले दिसतात, यात नवल काही नाही.

सुरुवात मात्र हिसक्यांपासून करू, कारण तिथे तुम्ही दिलेली खूण सगळ्यात बोलकी आहे. हलक्या पायावर हिसके, पूर्ण दाबला की ठीक. पेट्रोल कमी पडत असतं तर बहुधा याच्या उलट झालं असतं. पूर्ण दाबल्यावर गाडी अडखळली असती. पाय हलका असतो तेव्हा इनटेकमधला व्हॅक्युम जोरात असतो, तो पडदा खेचतो आणि पडदा पिकअपची प्लेट फिरवतो. पाय दाबला की व्हॅक्युम जवळजवळ संपतो आणि प्लेट मूळ जागी परत येते. म्हणजे प्लेट फिरलेली असते नेमकी तेव्हाच गाडी अडखळते. पिकअपच्या दोन बारीक वायरी या प्लेटबरोबर वर्षानुवर्षं पुढे-मागे वाकत असतात. बाहेरचं आवरण शाबूत दिसतं, आत तांब्याच्या तारा एकेक करून तुटलेल्या असतात. प्लेट एका जागी असली की टोकं टेकतात, फिरली की सुटतात.

हे तपासायला सगळ्यात सोपा उपाय असा. व्हॅक्युमची नळी डिस्ट्रिब्युटरवरून काढा, नळीचं तोंड घट्ट बंद करा आणि गाडी त्याच रस्त्यावर तशीच चालवा. हिसके गेले, तर आपण योग्य ठिकाणी आहोत. मग इंजिन बंद करून पिकअपचा जोड सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्या दोन वायरींमध्ये लावा. आकडा किती यावा हे मेकप्रमाणे बरंच बदलतं: क्रायस्लरच्या पिकअपला १५० ते ९०० ओहम चालतात, जनरल मोटर्सच्या पिकअपला ५०० ते १५००. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. पण आकड्यापेक्षा तो स्थिर राहतो का, हे महत्त्वाचं. एक स्वच्छ, वेगळी नळी पडद्याला लावून हातपंपाने व्हॅक्युम द्या, म्हणजे प्लेट फिरेल, आणि त्याच वेळी वायरी बोटाने हळू वाकवा. मीटर मध्येच उडाला किंवा अनंत दाखवू लागला की वायर सापडली. नंतर प्रत्येक वायर आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी यांच्यात मीटर लावा; तिथे अजिबात जोड दिसता कामा नये. दिसला तर आवरण कुठेतरी घासून वायर बॉडीला टेकते आहे.

एक सावधगिरी. हे ओहमचं मोजमाप मॅग्नेटिक पिकअपसाठीच आहे. तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर त्याला ओहममीटर लावू नका, तो बिघडू शकतो. त्याला व्होल्टेज देऊन सिग्नल चढतो-उतरतो का ते पाहतात. तुमचा पिकअप मॅग्नेटिक आहे असं तुम्ही लिहिलं आहेच, तरी वायरी मोजून खात्री करा.

व्हॅक्युम दिलाच आहे तर पडदाही बघून घ्या. व्हॅक्युम धरून ठेवला की प्लेट तिथेच थांबायला हवी. ती हळूहळू मागे आली तर पडदा फाटला आहे. प्लेट वर-खाली डुगडुगत असेल तर तिची बेअरिंग गेली आहे, आणि मग व्हॅक्युम आला की पिकअप तिरका होऊन गॅप बदलतो. हे बारीक दिसतं, पण हिसक्यांचं हेही एक खरं कारण आहे.

आता शाफ्ट. मला सगळ्यात जास्त शंका इथेच आहे. कॅप आणि रोटर काढा, शाफ्टचं वरचं टोक दोन बोटांत धरा आणि बाजूला ढकलून-ओढून पाहा. फिरवू नका, आधी एका दिशेने, मग तिच्याशी काटकोनात. चांगल्या शाफ्टमध्ये बोटांना काही जाणवत नाही, किंवा जेमतेम जाणवतं. ‘टक-टक’ जाणवलं तर डायल गेज लावून मोजा. ०.१५ मिमीच्या पुढे प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर मी बुश बदलायलाच सांगेन. इतक्याशा प्लेने काय बिघडतं, असं वाटेल. हिशेब करून बघा. रिलक्टर, म्हणजे शाफ्टवरचं दातेरी चाक, मध्यापासून १५ मिमी अंतरावर पिकअपसमोरून जातं असं धरा. शाफ्ट ०.२५ मिमी बाजूला सरकला की दात समोर येण्याची वेळ जवळजवळ १ अंशाने चुकते. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तीच चूक क्रँकवर २ अंश होते. शाफ्ट प्रत्येक फेरीत वेगळ्या जागी झुकतो, त्यामुळे ठिणगी कधी आधी पडते, कधी उशिरा. तुमची खूण नाचते ती अशी.

काही डिस्ट्रिब्युटरमध्ये पिकअपला सिलिंडरांइतकेच दात गोलाकार बसवलेले असतात. तिथे एका बाजूचा गॅप वाढला की समोरचा कमी होतो आणि झीज थोडी झाकली जाते. एकाच जागी पिकअप असेल तर झाकायला कुणी नाही, झीज थेट टायमिंगमध्ये उतरते. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये प्ले फार वाढला की दात पिकअपला घासतातही. पिकअपच्या टोकावर चकचकीत ओरखडा दिसतो का, ते भिंगाने पाहा.

पण खूण नाचली की दोष डिस्ट्रिब्युटरचाच, असं लगेच ठरवू नका. तो कॅमशाफ्टवरून फिरतो आणि कॅमशाफ्ट टायमिंग चेनवरून. चेन सैल असली तरी खूण तशीच नाचते, आणि मग कितीही चांगला डिस्ट्रिब्युटर आणून काही फरक पडणार नाही. प्लग काढून ठेवा, क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन नेहमीच्या दिशेने थोडं फिरवा आणि थांबा. आता उलट दिशेला अगदी हळू फिरवा आणि रोटर कधी हलायला लागतो ते बघा. रोटर हलण्याआधी क्रँक ५-६ अंश रिकामाच फिरला, तर चेन किंवा गिअर यांच्याकडे आधी लक्ष द्या.

तुमच्याकडे टायमिंग लाइट आहे, तर आणखी एक फार उपयोगी तपासणी करता येईल. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर येतात, म्हणून पुलीवरची तीच खूण दोघांनाही चालते. लाइट आधी १ नंबरच्या वायरीवर लावा, मग ४ नंबरच्या. दोन्ही वेळा खूण एका जागी दिसायला हवी. दोन्हीकडे ती स्थिर आहे पण जागा वेगवेगळी आहे, तर शाफ्ट वाकला आहे किंवा रिलक्टर मध्यावर बसलेला नाही. एकाच वायरीवर ती मागे-पुढे उडत असेल, तर प्ले. अंशभर थरथर जुन्या गाडीत चालते; तीन-चार अंश अजिबात नाही.

लाइट लावलेलाच असताना, व्हॅक्युमची नळी काढून बंद केलेली ठेवून, इंजिनाचा वेग हळूहळू वाढवा. खूण सलग पुढे सरकायला हवी आणि वेग सोडला की पहिल्या जागी परत यायला हवी. परत येताना अडकली तर वजनं गंजली किंवा जुन्या ग्रीसमध्ये चिकटली आहेत. स्लोवर असतानाच ती पुढे सरकू लागली तर स्प्रिंग ढिली झाली आहे किंवा तुटली आहे, आणि उभ्या गाडीचं लय सोडून चालणं बऱ्याचदा इथून येतं: टायमिंग पुढे गेलं की वेग वाढतो, वेग वाढला की टायमिंग आणखी पुढे जातं, मग खाली येतं, आणि हे चक्र चालूच राहतं. इंजिन बंद असताना रोटर फिरण्याच्या दिशेने बोटाने पिळून सोडा. तो लगेच झटक्याने परत यायला हवा. स्प्रिंगा बदलताना हाताला आली ती लावू नका. दोन्ही स्प्रिंगा बऱ्याचदा मुद्दाम वेगवेगळ्या ताकदीच्या असतात आणि त्यांच्यावरच त्या इंजिनाचं टायमिंग ठरतं.

पिकअप आणि रिलक्टरमधला गॅप फीलर गेजने मोजा, पण पितळी पातं वापरा. पिकअपमध्ये चुंबक असतो, तो स्टीलचं पातं ओढून घेतो आणि माप चुकतं. एका पिकअपच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये हा गॅप ०.२ ते ०.३५ मिमीच्या दरम्यान असतो. तो जास्त झाला तर सिग्नल अशक्त पडतो, आणि सेल्फवर इंजिन सावकाश फिरत असताना गाडी सुरू व्हायला त्रास देते. एकदा सुरू झाली की मात्र काही जाणवत नाही. आणि लक्षात घ्या, शाफ्टमध्ये प्ले असताना लावलेला गॅप खरा नसतो. बुश आधी, गॅप नंतर.

कॅप आणि रोटर नवीन आहेत, त्यावर जास्त वेळ घालवू नका. कॅपमधला मधला कार्बन दाबल्यावर मोकळा वर-खाली होतो ना आणि कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ नाही ना, एवढं पाहा.

तापल्यावर बंद पडण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो गाडी बंद पडली त्याच जागी सोडवावा लागतो, कारण गार झाल्यावर पुरावा उरत नाही. टायमिंग लाइट गाडीत ठेवा. बंद पडली की लगेच कॉइलकडून कॅपकडे येणाऱ्या मुख्य वायरीवर लावून सेल्फ मारा. लाइट चमकत नसेल तर दोष ठिणगीचा. चमकत असेल तर पेट्रोल नळीत वाफ होऊन अडतंय का, ते बघावं लागेल. आरपीएमचा काटा असेल तर आणखी एक खूण मिळते: गाडी गिअरमध्ये चालत असताना, इंजिन अजून फिरत असताना काटा एकदम शून्यावर पडला, तर कॉइलला सिग्नलच मिळत नाही.

सिग्नल थांबतो तो पिकअपमुळे की मॉड्यूलमुळे, हे गरम करून कळतं. इंजिन गार असताना पिकअपवर ओहममीटर लावा आणि हेअर ड्रायरने त्याला हळूहळू तापवा. उष्णतेने आकडा थोडा वाढणं ठीक. एकदम अनंत झाला तर पिकअपची आतली गुंडाळी तुटली आहे. पिकअप ठीक निघाला तर इंजिन चालू ठेवून तोच ड्रायर मॉड्यूलवर धरा. बंद पडलं की उत्तर मिळालं. मात्र नवं मॉड्यूल लावण्याआधी जुनं कशामुळे तापलं ते बघा. मॉड्यूल ज्या धातूवर बसतं तिथे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लागते. ती वाळून गेली असेल किंवा लावलीच नसेल तर नवंही तसंच जळेल. बऱ्याच मॉड्यूलची अर्थही त्याच स्क्रूंमधून जाते, म्हणून जागा घासून चकचकीत करा. आणि तुम्ही कॉइल नवी टाकली आहे, तिचा प्राथमिक रोध मॅन्युअलशी ताडून पाहा. कमी ओहमची कॉइल लावली की मॉड्यूलमधून जास्त करंट जातो आणि ते तापून जातं. तापल्यावर बंद पडणं कॉइल बदलल्यानंतरच सुरू झालं असेल, तर मी सगळ्यात आधी हेच बघेन.

पिकअपचा जोड पुन्हा लावताना दोन वायरींची अदलाबदल होऊ देऊ नका. गाडी तशीही सुरू होते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण मॉड्यूल सिग्नलच्या चुकीच्या टोकावर ठिणगी देतं, टायमिंग काही अंशांनी सरकतं आणि खूण नाचते ती वेगळीच. पूर्वी कुणी हा जोड कापून परत जोडला असेल तर रंग मॅन्युअलशी पडताळा.

हे सगळं करताना स्वतःला जपा. या सिस्टीममध्ये ठिणगीचं व्होल्टेज हजारोंमध्ये असतं, जुन्या पॉइंटच्या सिस्टीमपेक्षा जास्त ताकदीचं. प्लगची वायर हातात धरून ठिणगी पाहू नका, आणि वायर मोकळी लोंबकळत ठेवून सेल्फही मारू नका. ठिणगीला जायला जागा मिळाली नाही की कॉइल किंवा मॉड्यूल बिघडू शकतं. बॉडीला नीट अर्थ केलेला स्पार्क टेस्टर वापरा. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी चालू इंजिनाच्या या भागात हातच घालू नये.

बुश गेले असतील तर डिस्ट्रिब्युटर काढावा लागेल. आधी बॅटरीची वायर काढा. बॉडी इंजिनावर कुठे बसली आहे आणि रोटर कुठे रोखलेला आहे, दोन्ही ठिकाणी खूण करा, फोटोही काढा. गिअर तिरक्या दातांचा असतो, म्हणून डिस्ट्रिब्युटर वर उचलताना रोटर थोडा फिरतो. पूर्ण बाहेर आल्यावर तो कुठे आहे तेही टिपून ठेवा. बाहेर असताना इंजिन फिरवू नका. गिअरची पिन काढताना गिअर शाफ्टवर कोणत्या बाजूने बसला होता त्याची खूण हवीच, नाहीतर तो अर्ध्या फेरीने उलटा बसतो आणि टायमिंग कधीच जुळत नाही.

काम लेथवर बारीक हात असलेल्या माणसाकडे द्या. वरचा आणि खालचा बुश एका सरळ रेषेत बसले पाहिजेत, हे त्याला स्पष्ट सांगा. तेल पिणारे सच्छिद्र ब्रॉन्झचे बुश असतील तर ते बसवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवावे लागतात, आणि बोथट रीमरने ते घासू नयेत. छिद्रं बुजली की तेल येणं थांबतं. शाफ्टवरही खाच पडली असेल तर नुसते बुश बदलून भागणार नाही, शाफ्टही बघावा लागेल. वर-खाली होणारा प्ले वॉशर घालून मॅन्युअलप्रमाणे करून घ्या.

आता तुमचा प्रश्न. बॉडीचं भोकच लांबट झालं असेल, शाफ्ट खराब असेल आणि तो नीट करून देणारं कुणी नसेल, तर नवा डिस्ट्रिब्युटर घ्यायला माझी हरकत नाही. पण ‘बसतो’ म्हणजे चालतो असं नाही. वेगाप्रमाणे तो टायमिंग किती अंश पुढे नेतो आणि तुमच्या इंजिनाला किती हवं, हे दोन्ही कागदावर समोरासमोर ठेवा. स्वस्त डिस्ट्रिब्युटरमध्ये एकच ठरावीक मोजमाप बऱ्याच वेगवेगळ्या इंजिनांसाठी वापरलेलं असतं. तुमच्या इंजिनाला ते जास्त पडलं तर चढावर ते नॉक करू लागेल (ठकठक वाजेल), कमी पडलं तर गाडी जड वाटेल. गिअर कोणत्या धातूचा आहे हेही विचारा, कारण कॅमशाफ्टच्या गिअरशी तो जुळला नाही तर झिजतो कॅमशाफ्ट, आणि ते काम फार मोठं असतं. हे दोन्ही सांगता येत नसेल त्या विक्रेत्याकडून घेऊ नका. नवा बसवला तरी जुना फेकू नका. त्यातला पडदा, वजनं, स्प्रिंगा तुमच्याच इंजिनाच्या मापाच्या आहेत.

जुनाच दुरुस्त केला तर टायमिंग इंजिन पूर्ण गरम असताना, व्हॅक्युमची नळी काढून बंद करून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्लोच्या वेगावर लावा. मग १ आणि ४ नंबरची तपासणी परत करा. रोटरखाली फेल्टचा तुकडा असेल तर त्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडा, आणि दर सर्व्हिसिंगला कॅप उघडून ते सोडत राहा. जास्त नको, उडालेलं तेल कॅपमध्ये आणि पिकअपवर जातं.